शेवटचा हात

ती बादली मी नेली होती. दुसऱ्या कुणी नव्हे. एवढं एक वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर पाहतो तो ते केवढंसं आहे! मोटारीत पाणी भरायची बादली होती ती. लोखंडाची, वरचा जस्ताचा मुलामा उडालेली, बुडाशी गंज धरलेली. तिच्यात मी काथाचा रंग ओतला. रंग काळा पडला. हे कुणी केलं असं विचारलं गेलं तेव्हा मी दुसरीचं नाव सांगितलं. घडलं ते इतकंच. पण इतक्याने एका बाईचं बसलेलं बस्तान उठलं, आणि मी मात्र जव्हारात चांगला माणूस म्हणून हिंडत राहिलो.

दर वर्षी पौष सरत आला की हे सगळं परत येतं. जव्हारला तेव्हा थंडी चांगली मुरलेली असते. सकाळी दरी धुक्याने काठोकाठ भरते आणि आपलं गाव एखाद्या बेटावर बसल्यासारखं दिसतं. खळी आवरलेली असतात. पेंढ्याच्या उडव्या दंवाने ओल्या होतात आणि ऊन लागलं की त्यांतून वाफ निघते. बाजारात वालाच्या शेंगा येतात, नवी नागली येते. आणि जामसरच्या बाजूच्या रानात खैर तुटू लागतो. खैराच्या लाकडाचे तांबडे कपचे मडक्यांत शिजत ठेवतात, ते पाणी आटवत आटवत काथ करतात. त्या भट्ट्यांवरून येणारा वारा वेगळा ओळखू येतो. तो नाकाला कमी आणि जिभेला जास्त जाणवतो. तुरट, घशात चिकटून राहणारा. लोक म्हणतात, थंडीचा वास सुटला.

आमच्याकडे जेवण झालं की विडा होतो. मी खात नाही. लग्न होऊन आल्यापासून माझी बायको समजून आहे की हा माझा कसला तरी नवस आहे. मीही ती समजूत मोडली नाही. पण ती विडा लावू लागली की माझी नजर तिच्या बोटावर जाते. पानावर आधी काथ, मग त्यावर चुन्याचं बोट. तपकिरी काथावर पांढरा चुना टेकला की एका क्षणात लाल उमटतो. तो लाल मी एकदा मोटारीच्या गादीवर उमटताना पाहिला होता.

मोटार माधवशेठची होती. मी तेव्हा बाविशीत होतो, मॅट्रिक झालेला, आणि शेठच्या लाकडाच्या वखारीत कारकून. इंग्रजांची मोठी लढाई संपून चार-दोन वर्षं झाली असतील. शेठने नाशकाहून जुनी मोटार आणली ती मोखाड्याच्या रस्त्याने, निम्मी वाट इंजिनाने आणि निम्मी बैलांनी ओढत. तरी गावाने तिला ओवाळलं. तिचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि वखारीत इंग्रजी वाचणारा मी एकटा. त्यामुळे उस्मानभाई मोटार हाकत, आणि मोटारीत काय आहे हे मी सांगत असे. ह्या वाटणीची मला फार घमेंड होती.

मोटारीच्या आतल्या गाद्या चामड्याच्या, बदामी रंगाच्या. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाने त्यांच्यावर बुरशी धरली. ती पुसली तर चट्टे उरले, आणि उन्हात उभी केली तर पाठीचा भाग पांढुरका पडला. शेठना विड्याची भारी हौस. मोटार हिसका देई आणि त्यांच्या तोंडातला विडा गादीवर येई. ते डाग सोड्याने गेले नाहीत, लिंबाने गेले नाहीत. तशात माघात शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. वरात मोटारीतून निघायची होती, जव्हारात पहिल्यांदाच. मुंबईहून चामड्याला लावायच्या रंगाचा डबा मागवला, तो डहाणूच्या स्टेशनावरून बैलगाडीत येताना घाटात फुटला. रंग चढला तो एका बैलाच्या पाठीवर.

शेठ गाडीखान्यात डोकं धरून बसले होते. उस्मानभाई डाग घासत होते. ते थांबले आणि म्हणाले, "शेठ, हे डाग आता मोटारीबरोबरच जाणार. एकच इलाज आहे."

"कसला?"

"सगळ्या गादीवर तुम्हीच थुंका. रंग तरी एक होईल."

आम्ही घाबरलो. पण शेठ खोकला लागेपर्यंत हसले. मग हसता हसता गप्प झाले. "अरे, पण यात खोटं काय आहे?" ते म्हणाले. "काथाचा डाग जात नाही ना? मग काथच लावू. अनंता, काथ कोण चांगला करतं?"

गोमी करत असे. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गोमीचं घर जामसरच्या रानाच्या कडेला, पाड्यावर. जात काथोडी, काथ करणारे म्हणूनच ते नाव. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. अंगाने लहान चणीची, बोलणं थोडं. पण तिला एकदा पाहिलेला माणूस तिचे हात विसरत नसे. दोन्ही तळवे मनगटापर्यंत विटेच्या रंगाचे होते. वर्षानुवर्षं काथ कालवून तो रंग आता तिच्या कातडीचाच झाला होता. ती सुईणही होती. आसपासच्या पाच-सात पाड्यांवरची पोरं ह्याच लाल हातांत आली होती. एखादं मूल अंग धरत असलं की बाया कौतुकाने म्हणत, "गोमीच्या हातचं आहे ते." काथाच्या वड्या विकतानाही तिला दुसरं काही सांगावं लागत नसे. हात दाखवला की पुरे.

ती आली, मोटारीभोवती एक फेरी घातली आणि दारातून आत वाकली.

"हा चामडा कुनाचा?"

"विलायती गाईचा," उस्मानभाई म्हणाले.

"तिला आपल्या झाडाचा पानी मानवंल?" तिने बोट ओलं केलं, गादीवर घासलं आणि जिभेला लावलं. आम्ही दोघे बघतच राहिलो. "मानवंल," ती म्हणाली. "तहानेला आहे चामडा. पिईल."

आमच्या त्या बाजूला कुणाला अहो-जाहो करायची रीत नाही. गोमी शेठनाही 'तू' म्हणे, मलाही 'तू' म्हणे. त्यात अनादर नसतो हे मला माहीत होतं, तरी मॅट्रिक झालेल्या कानाला ते खुपत असे. हे इथे लिहितो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ कुठेतरी ह्या खुपण्यातही असावं.

कामाला लागण्याआधी तिने गाडीखान्यातलं लोखंड बाहेर काढायला लावलं. उस्मानभाईंचे पाने गेले, हातोडी गेली, साखळी गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुझ्या कमरेला वाजतं ते."

वखारीच्या किल्ल्यांचा जुडगा होता. मी म्हटलं, "किल्ल्यांनी काय होतंय?"

"आमच्या भट्टीवर दोन गोष्टी आनत नाय. लोखंड, नि खोटा. दोनींनी रंग मरतं."

मी किल्ल्या काढून ठेवल्या, पण उस्मानभाईंकडे बघून हसलो. शिकलेल्या माणसाने अडाण्याच्या समजुतीला हसावं तसं. आज मला त्या हसण्याची फार लाज वाटते, आणि ती नुसती माणुसकीची लाज नाही; त्यात माझ्या अकलेचीही लाज आहे. कारण वखारीचं सगळं लिखाण ज्या शाईने व्हायचं ती मीच घरी करत होतो: हिरड्याचं पाणी घ्यायचं आणि त्यात हिराकस टाकायचा. हिराकस म्हणजे लोखंडाचाच खार. तुरट पाण्याला लोखंड लागलं की काळं होतं, हे महिन्याला एकदा माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. ते शाईच्या दौतीत घडलं तर मी त्याला कृती म्हणत होतो, आणि गोमीच्या तोंडून आलं तर भाबडेपणा.

पहिल्या दिवशी तिने गाद्या पापडखाराच्या पाण्याने धुऊन जुना मुलामा उतरवला. दुसऱ्या दिवशी काथाचं कोमट पाणी चिंधीने चोळलं. हा पहिला हात. रंगाच्या पुटाला आपण 'हात' म्हणतो, तो शब्द तिच्या तोंडी मला प्रथमच खरा वाटला, कारण ती चिंधी बाजूला टाकून मधूनमधून तळव्यानेच रंग जिरवीत होती, बाळाच्या पाठीला तेल जिरवावं तशी. तिसऱ्या दिवशी दुसरा हात. त्या पाण्यात तिने चुन्याची निवळी थेंब थेंब घातली. आणि बदामी, चट्ट्याचट्ट्यांची, थकलेली ती गादी आमच्यासमोर हळूहळू लाल झाली. भडक नव्हे, खाऊन रंगलेल्या ओठांसारखी. शेठचे डाग त्यात कुठल्या कुठे गेले. उस्मानभाईंनी दोन्ही दारांतून वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मुन्शीजी, ही तर नवरी झाली."

एक हात राहिला होता, मागच्या गादीचा. तीच नवरा-नवरीच्या बसण्याची. चौथ्या दिवशी सकाळी साखरशेतच्या पाड्यावरून माणूस धावत आला. तिथली एक बाई अडली होती. गोमीने डोक्यावर फडकं टाकलं, रंगाचं मडकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "शेवटचा हात तू दे, भाऊ. मडक्यातच तापव, बारीक आचेवर. घाई नको. नि लोखंड नको."

"बरं," मी म्हटलं.

मडकं बारीक आचेवर तापायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी लग्न. मला पाहुण्यांची उतरायची सोय लावायची होती, मंडपाची माणसं खोळंबली होती. तांब्याचं घंगाळ मागावं तर शेठच्या घरच्या बायांनी चामड्याच्या कामाला दिलं नसतं, आणि मागायला मला कमीपणा वाटला. कोपऱ्यात बादली होती. मी रंग बादलीत ओतला आणि ती सरळ निखाऱ्यांवर ठेवली. पाचच मिनिटांत तापला. रंग मला तसाच दिसला. थोडा गडद, पण शिजल्यावर गडद होणारच. मी भराभर चिंधी फिरवली आणि मंडपात गेलो.

तासाभराने उस्मानभाई मला शोधत आले. "जरा येऊन बघा," एवढंच म्हणाले.

मागची गादी आधी शेवाळी झाली होती. आमच्या देखत ती काळी होत गेली. आणि एकसारखी नव्हे. जिथे माझी चिंधी दाबून फिरली होती तिथे पट्टे, जिथे थेंब सांडले तिथे ठिपके, ओहोळ. दौत लवंडावी तसं. मी सोडा लावला, पाणी ओतलं. काळा रंग आणखी पक्का झाला.

आणि तेवढ्यात शेठ आले. बरोबर घरच्या बाया, नवरीची मावशी, दोन पाहुणे; सगळे रंगवलेली मोटार बघायला.

नवरीची बैठक, आणि तिच्यावर काळं. ह्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हळदीच्या दिवशी आपण काळा दोराही घरात ठेवत नाही. मावशीबाईंनी तोंडाला पदर लावला. शेठचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागाचा नव्हता तो, भ्यालेल्या बापाचा होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "शेवटचा हात कुणाचा?"

बादली तिथेच होती. उस्मानभाई तिथेच होते. मला खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "तिन्ही हात गोमीचेच."

मनाला नंतर कितीतरी वेळा समजावलं की मी अगदी खोटं बोललो नाही. रंग तिचा होता, मडकं तिचं होतं, हात म्हणजे पूट, आणि पुटं ती तिचीच. माणूस शब्दाच्या दोन अर्थांमधल्या फटीत किती वर्षं राहू शकतो, हे मला विचारावं. मावशीबाई म्हणाल्या, "मग हातच तसला असेल तिचा." आणि मी मान हलवली. ती मान मला जास्त छळते. शब्द घाबरून निघाला असं म्हणता येईल. मान मी सावकाश हलवली होती.

गादीवर पिवळा शेला पसरून वरात निघाली. लग्न छान झालं. त्या जोडप्याची मुलं आज शाळेत जातात, सगळी खुशाल आहेत. त्या काळ्याने त्यांचं काहीएक बिघडवलं नाही. पण गादी काळी झाली त्याच दिवशी साखरशेतला गोमीच्या हातांत जन्मलेलं मूल दहाव्या दिवशी तापाने गेलं. तेव्हा किती मुलं अशी जायची! एरवी कुणी त्याची सांगड कशाशी घातली नसती. पण ह्या वेळी सांगड तयार होती. लग्नाच्या मोटारीत काळं करून तीच उठली आणि तशीच बाळंतिणीला शिवली, असं बाजारात बोललं गेलं. मग कुणी म्हणायचं, कारकून स्वतः सांगत होता, शिकलेला माणूस आहे. गोमीचा हात काळा. तीन शब्द. पुढच्या बाजारी तिच्या वड्या तिच्या टोपलीत राहिल्या. त्यानंतर तिला बाळंतपणाला कुणी बोलावलं नाही.

ती एकदा गाडीखान्यात आली. मी एकटाच होतो. तिने काही न विचारता मोटारीचं दार उघडलं, शेला बाजूला केला, बोट ओलं करून काळ्या पट्ट्यावर घासलं आणि जिभेला लावलं. पहिल्या दिवशी लावलं होतं तसंच.

"लोखंड आहे," ती म्हणाली.

मग तिची नजर कोपऱ्यात गेली. बादलीच्या आत काळी रेघ बसली होती, रंग कुठवर आला होता ते दाखवणारी. ती तिने पाहिली, आणि मला पाहिलं. रागावली नाही. वाट पाहत उभी राहिली. "सांग त्यांना, भाऊ," एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, "मला कामं आहेत."

त्या उन्हाळ्यात तिने पाड्यावरची झोपडी मोडली आणि मोखाड्याच्या बाजूला, जव्हार संस्थानच्या हद्दीबाहेर इंग्रजी मुलखात, भावाकडे गेली.

पुढचं सांगायला सर्वांत अवघड आहे. पावसाळ्याआधी शेठ म्हणाले, "ह्या पट्ट्यांपेक्षा सगळंच काळं करून टाक. मळखाऊ तरी होईल." मी काथ आणला, त्याच बादलीत उकळला, वर गंजलेले चार खिळे टाकले, आणि पुढची गादी, मागची गादी, दारांची आतली अस्तरं, सगळं एकसारखं कुळकुळीत काळं केलं. फार सुरेख झालं. शेठने पाठ थोपटली. नाशिकचा एक मोटारवाला येऊन कृती विचारून गेला आणि मी ती त्याला कागदावर लिहून दिली. लोखंडाने काथ काळा होतो हे मी सगळ्यांसमोर करून दाखवलं, आणि त्यातून कुणाला काही उमगलं नाही, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता. एकट्या उस्मानभाईंनी बादलीकडे बघत म्हटलं, "मुन्शीजी, तुमचा हात फार पक्का आहे हो." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. पुढे ते ठाण्याला निघून गेले. जाताना सगळ्यांना भेटले, मला सोडून.

मोटारही कधीच भंगारात गेली. शेठ गेले. मी वखारीत कारकुनाचा व्यवस्थापक झालो. पण पौष येतोच. वारा जामसरकडून येतो आणि जीभ तुरट होते.

ह्या वर्षी वखारीच्या कामासाठी मोखाड्याला जावं लागलं. बाजाराचा दिवस होता. कामाहून परत येताना ओळीत बसलेल्या बायांपाशी पानाची देवघेव चालली होती, आणि तिथे मला ते हात दिसले. तोंड मी ओळखलं नसतं. केस पांढरे, पाठ वाकलेली. पण तळवे विटेच्या रंगाचेच. वड्या मांडलेल्या होत्या, त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

मी पुढे जाऊन उकिडवा बसलो. "गोमीबाय, मला ओळखलंस?"

"बादलीवाला," ती म्हणाली.

मी तिथे तिच्या कानाशी, हलक्या आवाजात, काय काय बोललो ते आठवत नाही. चूक झाली, भ्यालो होतो, विसरलो नाही, असलंच. ती ऐकत वड्यांवरची धूळ फुंकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मला काय सांगतंस? मला ठाऊक आहे. मी चाखलं होतं." मग म्हणाली, "माझ्या नातीचे दिवस भरत आलेत. अशक्त पोर आहे, पहिलं बालतपन. तिची सासू मला अंगनात येऊ देत नाय. गोमीचा हात काला, म्हनते. तुझा शब्द बाजारात फिरला, भाऊ. कानात बोलून तो शब्द कसा निघंल?"

मी "बरं" म्हणालो आणि सर्व्हिस मोटार सुटेल म्हणून निघून आलो. होय, त्या दिवशीही. वीस वर्षांनी तिने तेच मागितलं आणि वीस वर्षांनी मी तसाच निघालो. वाटेत खिडकीशी बसून मला माझंच नवल वाटत होतं. पंचेचाळिशी जवळ आली, केस गेले, गावात चार माणसं सल्ला विचारायला येतात. आणि आत तोच बाविशीतला कारकून किल्ल्या वाजवत बसला आहे.

त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ही विडा लावत होती. काथावर चुना टेकला, लाल उमटला, आणि मी तिला सगळं सांगितलं; मडकं, बादली, मान हलवली ती, खिळे, गोमीची नात. विडा तिच्या हातातच राहिला. शेवटी म्हणाली, "पोरीचे दिवस कधी भरतायत?"

"जवळ आलेत म्हणाली."

"मग पुढचा बाजार कधी आहे ते बघा. मला काय सांगत बसलात?"

दोघी एकच बोलल्या. त्यांनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही.

पुढच्या बाजारी मी मोखाड्याला गेलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. गोमी त्याच जागी होती. मी आलो ह्याचं तिला आश्चर्य वाटलं की नाही ते कळलं नाही. तिने हनुवटीने समोर दाखवलं. नागलीचं पोतं सोडून एक दणकट बाई बसली होती, बोलण्यात गुंतलेली. नातीची सासू.

मी मधे उभा राहिलो. बाजारात मोठ्याने बोलायची मला सवय नाही. तरी मी म्हणालो, "बायांनो, जरा ऐका. मी जव्हारचा. वीस वर्षांमागे माधवशेठच्या मुलीच्या लग्नाच्या मोटारीत काळं झालं होतं, ते गोमीबायने केलं असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिने लोखंड लावू नको म्हणून सांगितलं होतं. रंग लोखंडी बादलीत मी तापवला. शेवटचा हात माझा होता."

माणसं थांबली. कुणीतरी हसलं, दारू प्यालाय का म्हणून. सासू पोत्यामागून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तवा का नाय बोललास?"

"भ्यालो."

"नि आज बोलतंस ते खरा कशावरून? तुझं तोंड तवा खोटा होतं, आज खरा झाला?"

मी तसाच उभा. तेवढ्यात खालून गोमी म्हणाली, "बस, भाऊ."

मी बसलो. तिने शेजारणीच्या टोपलीतून पान उचललं, ते मांडीवर पुसलं, नखाने आपल्या वडीचा काथ त्यावर खरवडला. चुन्याचं बोट लावलं. गडबड नाही. तिची नजर माझ्याकडे नव्हती, सासूकडेही नव्हती, पानावर होती. मग तिने तो विडा त्या लाल तळव्यावर ठेवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. सगळा बाजार त्या हाताकडे बघत होता. माझ्यासारखा जव्हारचा पांढरपेशा माणूस तिथे काथोडणीच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही, हे तिथे कुणाला सांगायला नको होतं. आणि तो हात काळा आहे, हे तर मीच सांगून ठेवलं होतं.

मी विडा उचलला आणि तोंडात घातला. वीस वर्षांनी तो तुरटपणा जिभेवर आला. मी चावत राहिलो. सासू माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती, जणू काही उगवायची वाट बघावी तशी. हळूहळू ओठांच्या कडेला ओलं लागलं. मी ते हाताच्या पाठीने पुसलं आणि हात तिच्यासमोर धरला. लाल होता. लख्ख लाल, काळ्याचा टिपूस नाही.

सासू ते बघून खाली बसली. आपल्या पोत्यापाशी परत गेली नाही, गोमीच्या शेजारीच बसली.

मी गोमीकडे वळलो. ह्या वेळी कानाशी गेलो नाही. त्या रंगलेल्या तोंडानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गोमीबाय, हात तुझा चांगला होता. बादली माझी होती. मी चुकलो."